मागच्या सीटवरचं गाठोडं

ऊर्जानगरच्या गॅरेजमधल्या मिस्त्रीच्या तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे तो फारसं बोलत नसे. माझी गाडी हौसेनं जमिनीलगत उतरवलेली, शॉकअप बटणानं कडक-नरम होणारे. ते जुळवले की तो मागच्या सीटवर गोधडीचं गाठोडं घट्ट बसवी, मला शेजारी घेई आणि रेल्वे फाटकावरून गाडी सुसाट काढी. गाठोड्यात अवजारं असावीत, असं मी धरून चाललो होतो.

एकदा रूळ ओलांडल्यावर त्यानं गाडी चालवतच मागे हात नेऊन गोधडी सारली. आत त्याची तान्ही नात झोपलेली.

"उठली नाई. म्हंजे शॉकअप बराबर आहे."

परतताना स्टिअरिंग मी घेतलं आणि रुळांपाशी गाडी जवळजवळ थांबवली.

"थांबू नका भाऊ," तो घाईनं कुजबुजला. "गाडी थांबली का पोरगी उठते."