हार घातलेला फोटो

पद्माकर उपासनींना सिडनीच्या टूनगॅबी उपनगरात सगळे मराठी लोक ओळखायचे, आणि सगळेच त्यांना टाळायचे. मीसुद्धा. नाशिकला वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला हा गृहस्थ इथे वेस्टमीडला व्हॅन चालवायचा, रक्ता-लघवीचे नमुने एका लॅबमधून दुसऱ्या लॅबमध्ये पोचवायचा. पण भेटला की अजून फळ्यासमोरच उभा. मंगळावर सूर्यास्त निळा का दिसतो, हे मी त्यांच्या तोंडून पाच वेळा ऐकलंय, त्यातलं एकदा दुसऱ्यांच्या घरच्या बारशात, पाळण्याशेजारी उभं राहून.

अशा माणसाला एका फ्रेंच मालिकेत काम मिळालं.

ब्रोकन हिलजवळच्या लाल मातीत मालिकावाल्यांचं शूटिंग चालणार होतं. मंगळ म्हणून ती माती खपते. त्यांना पंचावन्नच्या आसपासचा एक भारतीय माणूस हवा होता. पद्माकररावांनी तीन दिवस रजा काढली, लतावहिनींकडून धपाटे बांधून घेतले आणि अकराशे किलोमीटर गाडी हाकत गेले. मालिकेची गोष्ट अशी: मंगळावरच्या तळावर सहा जण राहतात. सातवा, भारतीय शास्त्रज्ञ, दोन वर्षांपूर्वी वादळात मेलाय. पहिल्या भागाच्या शेवटी बाहेरून कुणीतरी दार ठोठावतं. बघतात तर तोच. खरा की खोटा, हे ठरवायला आतले लोक त्याला खुणेचे प्रश्न विचारतात, तो बरोबर उत्तरं देतो, तरीही ते दार उघडत नाहीत.

दिग्दर्शिकेनं त्यांना विचारलं, तुमच्यात गेलेल्या माणसाची आठवण कशी ठेवतात? झालं, मास्तर खुलले. फोटो, फोटोला चंदनाचा हार, पुढे दिवा. नुसतं सांगून थांबतील तर ते उपासनी कसले? हार त्यांनी बरोबरच नेला होता, घरातल्या वडिलांच्या तसबिरीवरचा. म्हणजे हे त्यांच्या डोक्यात आधीपासूनच होतं.

"जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये हो," वहिनी म्हणाल्या होत्या. "तेही मामंजींचा."

"अगं, उद्या जगभर लोक बघणार. प्लास्टिकचा झेंडू घातलेला चालेल का?" इति पद्माकरराव.

मालिका टीव्हीवर लागली त्या रविवारी त्यांनी मराठी मंडळाचा हॉल घेतला आणि स्वतःच्या हातानं साठ बटाटेवडे केले. चाळीस माणसं आली. वडे चांगले असतात त्यांच्याकडचे. पडद्यावर पद्माकरराव अकरा सेकंद होते. त्यातले सात सेकंद हार घातलेला फोटो, आणि चार सेकंद हेल्मेटच्या काचेमागे घामेजलेला चेहरा. त्या चेहऱ्यानं महिनाभर पाठ केलेलं फ्रेंच वाक्य म्हटलं: मला आत घ्या. आम्ही पोट धरधरून हसलो. ते कोपऱ्यात वड्यांचं रिकामं पातेलं धरून उभे होते आणि हसत होते, कारण सगळेच हसत होते.

घरी येऊन मी ते पोस्टर केलं. टीव्हीवरून काढलेला हारवाला फोटो, वर काळ्या पट्टीत 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'कै. पद्माकर उपासनी' आणि त्याखाली 'शोकाकुल: शिरीष व समस्त मित्रपरिवार, टूनगॅबी'. मंगळाचा उल्लेख मुद्दाम केला नाही. खरं वाटल्याशिवाय मजा कसली? मंडळाच्या ग्रुपवर टाकलं आणि लागलीच हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. पद्माकररावांनीही वर केलेला अंगठा टाकला.

ते पोस्टर पुढे पाठवल्याचं आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही. चार तासांत ते नाशिकला पोचलं. तिथे गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये त्यांची आई, वासंतीबाई, वय वर्षं शहाऐंशी, सांभाळणाऱ्या बाईबरोबर राहायच्या. शेजारीण डोळे पुसत आली आणि तिनं फोन त्यांच्यापुढे धरला. पद्माकररावांनी फोन करेपर्यंत घरात आठ माणसं जमली होती. त्यांचा आवाज ऐकून ती सगळी हसत, शिव्या घालत उठली. मला कळलं तेव्हा मी म्हणालो, "नो वरीज, मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं." जुनी माणसं म्हणतातच तसं.

पण म्हातारी हसली नाही. तिची आठवण दोन वर्षांपासून विरत चालली होती. सकाळी जेवलेलं दुपारी आठवायचं नाही, सुनेचं नाव आठवायचं नाही. आणि नेमकी ही एकच गोष्ट तिच्या डोक्यात खिळा मारल्यासारखी बसली. तिनं बाईला पाठवून पोस्टर छापून आणवलं, फ्रेम केलं, भिंतीला लावलं. दर रविवारी आमच्या दुपारी दीड वाजता पद्माकरराव व्हिडिओ कॉल लावायचे. ती पडद्याकडे बघून म्हणायची, "आवाज अगदी आमच्या पद्मासारखा आहे हो तुमचा," आणि फोन बाईकडे द्यायची.

पाच रविवार असे गेले. मग ते तिकीट काढून नाशिकला गेले. आईनं आपल्याला एकदा ओळखावं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्या दिवशी मला त्यांचा व्हिडिओ कॉल आला. ते आईच्या दारात उभे होते, खांद्यावर बॅग तशीच.

"शिरीष, तू सांग तिला," ते म्हणाले. "माझं ऐकत नाहीये. पायावरचा विळ्याचा व्रण दाखवला, लहानपणी विहिरीत पडलो ते सांगितलं. म्हणते, त्यानंच सांगितलं असेल तुम्हाला."

त्यांनी फोन आत धरला. पांढऱ्या पातळातली एक बारकी म्हातारी माझ्याकडे बघत होती.

"आजी, मी शिरीष. पद्माकरराव जिवंत आहेत. ते पोस्टर मी केलं होतं, गंमत म्हणून."

तिनं भिंतीकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. "शिरीष? तुमचं नाव आहे की खाली. पहिलंच."

"हो आजी. पण ते खोटं आहे."

"असं बोलू नये बाळा," ती समजुतीनं म्हणाली. "गेलेल्या माणसाची गंमत कुणी करतं का? तुम्ही तर चांगल्या घरचे दिसता. दुःखानं होतं असं."

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. ती मान हलवत माझंच सांत्वन करत राहिली. खोटं लिहिलं ते तिनं छापून भिंतीला लावलं, आणि खरं बोललो तर माझी कीव आली तिला. माझी मला शिसारी आली, हे इथे सांगून टाकतो.

मग ती दाराकडे वळली. "या, आत या. त्याच्या मित्राला मी उपाशी पाठवणार नाही. दूध-पोहे देते, त्याला फार आवडायचे." पद्माकरराव उंबरा ओलांडून आत आले. ती खुर्ची सरकवायची थांबली आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, "आधी नमस्कार करा त्याला."

ते माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. बघितलं नाही. त्यांनी बॅग खाली ठेवली, चपला काढल्या, फोन टेबलावर टेकवून ठेवला आणि स्वतःच्या फोटोपुढे हात जोडले. म्हातारी शेजारी उभी राहून वाट बघत होती, म्हणून ते बराच वेळ तसेच उभे राहिले.