अक्काचा भंडारा

मतदानाच्या पाच दिवस आधी आम्ही सहा जण अक्काच्या दारात गेलो. ताटलीत खंडोबाचा भंडारा होता. ताटली मी धरली होती. अक्काने भंडारा उचलला आणि शपथ घेतली. त्यानंतर ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलली नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमचं गाव भीमेच्या काठी, शिरूर तालुक्याच्या टोकाला आहे. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. अक्काला गावातच दिली होती. ओढ्याच्या अलीकडे माहेर आणि पलीकडे सासर. मी शिरूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करतो. रविवारी गावी आलो की तिच्या अंगणात बसून तिला कादंबरी वाचून दाखवायचो. ती कांदे निवडत ऐकायची. मागच्या वेळी कुठे थांबलो होतो हे मला आठवायचं नाही, तिला आठवायचं. "त्या बाईनं पत्र फाडलं, तितवर आलो व्हतो," असं ती सांगायची आणि मी पान शोधायचो.

त्या वेळी ग्रामपंचायतीची सत्ता आमच्या चुलत भावाकडे होती. त्याला सगळे दादा म्हणतात. पाच वर्षांत त्याने पिण्याच्या पाण्याचा फिल्टर बसवला, वस्तीवरचा रस्ता सिमेंटचा केला, स्मशानभूमीवर पत्र्याची शेड उभी केली. पुन्हा निवडून यावं असं त्याचं काम होतं, हे माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. त्याच्या कामांचा अहवाल मीच लिहिला. आठ दिवसांची रजा टाकून प्रचारालाही गेलो. समोरचं पॅनेल अक्काच्या दिराचं होतं. त्याची सून आमच्याच वॉर्डात उभी होती, आणि अक्का त्यांच्याबरोबर एकाच घरात राहत होती. नवरा गेल्यापासून तिला त्याच घराने सांभाळलं होतं.

प्रचारात मला मजा वाटत होती, हे लपवत नाही. कुरकुंभच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून आलेले लोक झोपायच्या आत गाठायचे, म्हणून सकाळी लवकर निघायचं. कारेगावला कामासाठी खोल्या घेऊन राहणाऱ्यांना दुपारी फोन करायचे. एका घरी ओट्यावर बसलेल्या आबांनी दादाला पाहून डोळ्यांवर हात धरला.

"कोण हाय म्हणायचं? पाच वर्सांनी वाट चुकलास व्हय?"

"आबा, रस्ता आमीच केलाय. चुकंन कसा?"

"केलास की. माझ्या दाराच्या अलीकडं धा पावलांवर येऊन थांबलाय. दमला आसंल बिचारा."

सगळे हसले. दादाही हसला आणि आबांच्या पाया पडला. पुढच्या घरी जाताना मला हळूच म्हणाला, "ह्यांचं मत न्हाई आपल्याला. पुसून टाक."

मतदारयादी माझ्या हातात असायची. आपल्या मताला बरोबरची खूण, त्यांच्या मताला फुली आणि ज्यांचं सांगता येत नाही त्यांच्यापुढे पेन्सिलीने टिंब. अक्काच्या नावापुढे मी टिंब दिलं होतं.

शेवटच्या आठवड्यात ही टिंबंच तेवढी राहिली. आमच्या भागात अशा मतांसाठी भंडारा उचलायला लावतात. खंडोबाची हळद मुठीत घेऊन बोलायचं, की मी अमक्यालाच मत देईन. मग त्यात बदल होत नाही, कारण तो देवापुढचा शब्द असतो. असं मत घेणं कायद्यात बसत नाही, हे मी वाचलेलं होतं. पण कुणी ताटली फिरवायला लागलं की मी यादी घेऊन बाजूला उभा राहायचो आणि नंतर टिंबाच्या जागी बरोबरची खूण करायचो.

सोमवारी दादाच्या पडवीत यादी वाचली. अक्काचं नाव आलं तसे सगळे माझ्याकडे पाहायला लागले. एक जण म्हणाला, "गुरुजी, समद्या वाडीच्या आयाबायांनी उचलला. तुमच्या भनीलाच काय सोनं लागलंय?" दुसरा म्हणाला, "लोकांची मतं लिवत्यात, घरचं एक मत सांबाळंना ह्यांना." मी गुरुजी नाही, पण चष्म्यामुळे मला तसंच म्हणतात. दादाने नको म्हणावं, याची मी वाट पाहिली. मग मीच म्हणालो, उद्या जाऊ.

आता विचार करतो तेव्हा एवढं कळतं, की माझा भंडाऱ्यावर विश्वास नव्हता म्हणून मला ते सोपं वाटलं. माझ्या लेखी ती हळद होती. तिच्या लेखी काय होतं, हे मला माहीत होतं. पण मी ते लक्षात घेतलं नाही.

मंगळवारी आम्ही गेलो तेव्हा तिचा दीर आणि घरचे प्रचाराला बाहेर पडले होते. ती वेळ आम्हीच पाहून ठेवली होती. अक्काला माझ्या हातात ताटली दिसली. तिला वाटलं, मी जेजुरीला जाऊन आलो. तिने हात धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि कपाळाला लावायला बोट पुढे केलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "तसं न्हाई अक्का. मुठीत घ्या आन् म्हना."

तिचं बोट तसंच राहिलं. तिने बाकीच्यांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहिलं.

"तू नुस्तं इचारलं आसतंस, तर मी खरं सांगितलं नसतं व्हय रं?"

मी म्हणालो, "सगळ्यांनीच उचललाय, अक्का." त्या वेळी मला सुचलेलं वाक्य एवढंच.

तिने मूठ भरली. शब्द दुसऱ्याने सांगितले, ते तिने एकेक करून म्हटले. नंतर तिने आम्हा सगळ्यांना चहा केला. ओढा ओलांडल्यावर मी यादी काढली आणि तिच्या टिंबाच्या जागी बरोबरची खूण केली.

आम्ही निवडून आलो, त्या वॉर्डातही. मिरवणूक तिच्या दारावरून गेली. ती दारात उभी होती. मी गुलालाचा हात वर केला आणि ती आत गेली. पुढच्या रविवारी पुस्तक घेऊन गेलो तर म्हणाली, "आज न्हाई बाबा, काम हाय." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग मी पुस्तक न्यायचं सोडलं. नुसता जायचो, चहा घ्यायचो आणि यायचो.

भंडाऱ्याची गोष्ट तिच्या घरी कळलीच. शेजारच्यांनी पाहिलं होतं. दीर जेवताना टोमणे मारायचा, "वयनी, म्हायारचा भंडारा लई ग्वाड लागला का?" ती खाली मान घालून वाढायची. हे मला बऱ्याच दिवसांनी बाहेरून कळलं.

वर्षभरात तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. साखर कित्येक वर्षांची होती, मतदानाच्या आधीपासून तिचे पाय सुजत होते. डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. डायलिसिससाठी मी तिला आठवड्यातून दोनदा शिरूरला आणायचो. एकदा नंबर यायला उशीर होता. आम्ही दोघेच बाकावर बसलो होतो. ती आपल्या पायांकडे पाहत म्हणाली,

"मी मोडला रं त्यो भंडारा."

मला आधी कळलंच नाही.

"मत आमच्या त्या सुनंला दिलं मी. सकाळी माझं पाय सुजलं व्हतं. तिला मतदानाची येवढी गडबड, तरी तिनं बसून त्याल चोळलं. मशीनम्होरं गेले आन् त्येच ध्यानात आलं. बटन दाबलं. मशीन वाजलं आन् मग अंगाला घाम फुटला."

"मग घरी सांगायचंस ना. ते तुला बोलतात."

"काय सांगू? शपत मोडली म्हनून सांगू? त्यापरास बोलू दे त्यास्नी."

मी तिला सगळं समजावलं. साखर, मूत्रपिंड, डॉक्टरांचं चित्र, ही सूज तर शपथेच्या आधीचीच होती. तिने पूर्ण ऐकून घेतलं. ती नेहमीच पूर्ण ऐकून घ्यायची. मग म्हणाली, "डाक्टरचं खरंच आसंल. पर देवाचंबी खरं आसतंय."

मी गावच्या खंडोबाच्या पुजाऱ्याला गाठलं. शपथ मी घातली होती, तर मीच ती मागे घेतो, असं म्हणालो. त्याने मला वेड्यात काढलं नाही. म्हणाला, "ज्यानं उचलला त्यानं यावं लागतंय. घिऊन या अक्काला, रविवारी. देव काय कुनाचा वैरी न्हाई." मी अक्काला सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा सैल झाला. कुठलं लुगडं नेसायचं तेही तिने ठरवलं.

शुक्रवारी डायलिसिस चालू असताना ती गेली.

दहाव्याला नदीवर दोन्ही घरं आली होती. दिराची सून सगळ्यांत जास्त रडली. अक्काने मत तिलाच दिलं होतं, हे तिला अजून माहीत नव्हतं. घाटावरून परतताना मी तिला बाजूला घेऊन सांगितलं. ती खाली बसली. तिने ते घरी सांगितलं. त्या दिवसापासून तिच्या सासऱ्याने माझ्याकडे पाहणं सोडलं आहे, आणि ते बरोबरच आहे.

आता दादा आणि तो दीर पुन्हा एका पारावर बसतात. येणारी निवडणूक बिनविरोध करायचं चाललं आहे. दोघांच्या वतीने अहवाल लिहायला दादाने मलाच सांगितलं. मी नाही म्हणालो.

आपण शपथ मोडली, असं समजून अक्का गेली. ती शपथ मी घातली होती.