धुऱ्यावरचा ऐन

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी पऱ्ह्यांसाठी, म्हणजे रोपं टाकायला, धान निवडत होते. आमचे भासरे, म्हणजे मालकांचे थोरले भाऊ, गेले. एका अंगणात आम्ही एकवीस वर्षं राहिलो, पण मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. आमच्याकडे सून भासऱ्याशी बोलत नाही. त्यांना काही सांगायचं असलं तर ते गाईला सांगायचे आणि मी चुलीपाशी ऐकायचे.

हार्वेस्टरला आडवी येतात म्हणून गावानं धुऱ्यांवरची, शेताच्या बांधांवरची झाडं तोडली. शिकऱ्या-घुबडांची बसायची जागा गेली आणि उंदीर माजले. आमच्या धुऱ्यावर एक ऐन उरला. त्याच्या ढोलीत घुबडाची जोडी होती. लोक अपशकुनी म्हणत. भासरे म्हणायचे, "अपशकुन उंदरायले हाय, आपल्याले नाई."

मागच्या वर्षी लोंब्या भरल्या आणि उंदरांनी अर्ध्या बांधीतलं धान कापून नेलं. मी पिठात औषध मळायला बसले. भासरे गाईजवळ आले. "गायमाय, औषध खाल्लेला उंदीर घुबड खाते. मंग थे बी मरते. सांगजो घरात."

मी ऐकलं. मग धान कसं वाचवायचं, हे विचारायचं होतं... पण गाईला सांगितलेल्या गोष्टीला उत्तर कोण देणार? मी गोळ्या टाकल्या. तिसऱ्या दिवशी जोडीतलं एक घुबड ऐनाखाली मरून पडलं होतं. भासऱ्यांनी ते धुऱ्यातच पुरलं. नंतर कितीतरी दिवस ते गाईशीही बोलले नाहीत.

तेरवी झाली आणि मालकांनी झाडं कापणाऱ्या मशीनवाल्याला आणलं. मी ऐनाला पाठ लावून उभी राहिले.

"बाजूले हो."

"नाई होत. एक म्या मारलं. दुसऱ्याचं घर पाडू देत नाई."

"अवं, हार्वेस्टर कसा फिरन इथी?"

"तेवढं धान म्या इळ्यानं कापतो."

मशीनवाला हसला. "भाऊ, तुमची बाई तं बोलते."

"मले बी आजच मालूम झालं," मालक म्हणाले, आणि त्याला परत घेऊन गेले.

रोवणी आटोपली की भासरे बांधीत उंच बांबू रोवायचे, वर आडवी काडी बांधून, पाखरांना बसायला. यंदा ते मी रोवले. येणारे-जाणारे हसतात, हसोत. सकाळी बांबूखाली उंदराच्या केसांचा, हाडांचा गोळा पडलेला असतो, घुबडानं ओकलेला. मी तो पानावर घेऊन मालकांना दाखवते. ते मान फिरवतात... मी उद्याही दाखवीन.