विश्वास शाळेत गेलाय

"आपला विश्वास आहे का?"

दार उघडलं की चौकटीला हात लावून ते पहिलं हेच विचारायचे. कागदावरचा खरा प्रश्न लांबलचक होता : 'पोलीस व न्यायालये यांच्यावर आपला विश्वास आहे काय?' पण गृहस्थ कमालीचे लाजाळू. अनोळखी बाई समोर आली की अर्धा प्रश्न घशातच राहायचा. असे एखादे गृहस्थ तुम्हीही पाहिले असतील.

घाटकोपरच्या आमच्या चाळीत त्यांची खोली माझ्या खोलीला लागून होती. पोलीस आणि कोर्टाबद्दल साध्या माणसाला काय वाटतं, यावर ते विद्यापीठासाठी प्रबंध लिहीत होते. चाळीनं लगेच नाव ठेवलं, 'प्रबंधवाले'. मी सकाळी टायपिंगची नोकरी करायचे, दुपार मोकळी असे. त्यांचे प्रश्नांचे फॉर्म मीच टाइप केले. एकटा पुरुष दिसला की बायका दार लावून घेतात, म्हणून पुढे त्यांच्याबरोबर हिंडूही लागले.

आम्ही दोघं मिळून गेलो त्या पहिल्याच घरी एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. यांनी विचारलं, "आपला विश्वास आहे का?"

"आमचा विश्वास? शाळेत गेलाय. का हो, काय केलं त्यानं?"

"तो नव्हे, तो नव्हे... पोलिसांवरचा..."

"अगं बाई! पोलिसांपर्यंत गेलं?" बाईंच्या हातातलं सूप खाली आलं. त्यांची समजूत घालायला अर्धा तास लागला, आणि मला हसू आवरायला त्याहून जास्त.

पुढे लोक शहाणे झाले. हातातला कागद बघून सरकारी माणूस समजायचे आणि म्हणायचे, "आहे की विश्वास! का नसेल?"

"ताई, ही सगळी खोटी 'हो' आहेत," ते कष्टी होऊन म्हणत. मग त्यांनी दुसरा प्रश्न घातला : 'चोरी झाली तर फिर्याद द्याल का?' त्याबरोबर तोंडं उघडली. एक आजोबा म्हणाले, "चोरानं नेलं ते गेलं. उरलेलं चौकीत कशाला नेऊन देऊ?" टेकडीखालच्या एक मालवणी मावशी तर आधी बाहेर डोकावून आल्या, मग मुलाचं सांगू लागल्या. "माझ्या झिलाक तीन दिस चौकीत बसवून ठेवल्यानी, काय एक करूक नसताना. पन माझां नाव खंय सांगू नको हां, बाबा."

"माझ्यापाशीच राहील, मावशी."

नाव त्यांनी लिहिलं नाही. खोलीचा नंबर मात्र प्रत्येक फॉर्मवर लिहीत. मी हटकलं तर म्हणाले, "परत विचारायला जावं लागेल ना!"

दीड वर्ष गेलं. एके दिवशी वाण्याच्या दुकानासमोर त्यांच्या सायकलला अडकवलेली पिशवी कुणीतरी लांबवली. भरलेले सगळे फॉर्म तिच्यात होते.

आमच्याच चाळीत खाली एक हवालदार राहायचे. भला माणूस. स्वतः वर आले. "फिर्याद द्या, साहेब. चार दिवसांत पिशवी काढतो. आत काय होतं तेवढं नीट लिहून द्या."

ते गेल्यावर प्रबंधवाल्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "ताई, पिशवी सापडली तर आधी उघडणार कोण?"

"आणि प्रबंध? चार महिन्यांत द्यायचाय. वाट लागेल सगळ्याची!"

"मावशींना शब्द दिलाय."

फिर्याद दिली नाही. प्रबंधही झाला नाही. मला त्यांचा भयंकर राग आला, आणि खरं सांगते, ते तितकेच आवडलेही त्याच दिवशी.

आठवडाभरानं राग ओसरला, तशी एक कोरा फॉर्म घेऊन त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "आता तुम्ही सांगा. चोरी झाली तर फिर्याद द्याल का?"

ते हसले. माझ्या हातातून पेन घेऊन त्यांनी 'नाही' लिहिलं. पहिल्या प्रश्नाशी मात्र खूप वेळ थांबले. मग काहीतरी लिहून कागद घडी घालून माझ्या हातात दिला. "मी गेल्यावर बघा."

पुढच्या महिन्यात ते कोकणात एका शाळेवर मास्तर म्हणून गेले. पत्रं आली दोन-तीन, मग तीही थांबली. पिशवी काही सापडली नाही.

त्या सगळ्या संशोधनातला तेवढा एक फॉर्म माझ्या ट्रंकेत आहे. वर सवयीनं स्वतःच्याच खोलीचा नंबर लिहिलाय. आणि 'विश्वास आहे काय?' याच्यापुढे त्यांच्या तिरक्या अक्षरात :

'शाळेत गेलाय. येईल.'