दोरीवरचे पाहुणे

ये गो बाय, कागदावर तरी जवळ बस. फोनवर "येते, येते" म्हणतेस, आणि दिवाळी गेली, आंब्याला मोहर आला तरी तुझा पत्ता नाही! असं मावशीला विसरतात होय?

परसात विहिरीजवळ घाणेरीची जाळी आहे ना, तिच्यावरून तुझ्या काकांचं आणि माझं लग्नापासूनचं भांडण. परक्या मुलखातलं झुडूप ते. गुरं तोंड लावत नाहीत, खाली गवत उगवत नाही. पण थंडीत काळी फळं पिकली की शिपाई बुलबुल नुसते तुटून पडतात. डोक्यावर ताठ तुरा, गालावर लाल टिकली. पोट भरलं की थेट आमच्या कपड्यांच्या दोरीवर! मग काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर जांभळे डाग. आणि पावसात त्याच दोरीखाली घाणेरीची रोपं, दोरी जाते तशी सरळ रांगेत. "तुझ्या पावण्यांनी पेरल्यानी, आता तूच उपट!" हा यांचा ठरलेला टोमणा. उपटते बापडी.

यंदाच्या पावसाळ्यात यांच्या अंगावरून वारं गेलं. हातपाय हळूहळू चालू लागले, जीभ मात्र रुसली. पाणी मागताना "पा..." वर अडायचे आणि मान फिरवून बसायचे. डॉक्टर म्हणाले, यांना बोलतं ठेवा. आता माझ्यापुढे या घरात कोणाला कधी बोलायला मिळालंय?

थंडी पडल्यावर एका सकाळी यांना मागच्या पडवीत बसवून मी कपडे वाळत घातले आणि आत पेज ढवळायला गेले. तेवढ्यात बाहेरून आवाज,

"मेल्यांनू, परत हागलात माज्या सदऱ्यार!"

अख्खं वाक्य गो! हातातली पळी घेऊन तशीच धावले. बुलबुल दोरीवर, आणि हे काठी उगारून लालबुंद. मी हसत होते की रडत होते, देवाक ठावक.

तेव्हापासून पांढरा सदरा रोज वाळत घालते. मळलेला नसला तरी.

मग काजूच्या झाडांखालचं माजलेलं रान बेणून साफ करायला माणसं आली. दरवर्षी हे त्यांना सांगायचे, आधी विहिरीजवळची जाळी तोडा. आणि मी आडवी जायची. यंदाही ती माणसं सवयीने कापायचं मशीन घेऊन तिकडेच वळली. मी तोंड उघडणार, तोच पडवीतून,

"ती... रवांदे."

"काका, तुमीच तर तोडूक सांगतास!"

"पाखरां... खांवदेत." मग माझ्याकडे बघून, "दोरीखालची... तू उपट."

आता जाळीच्या खालच्या फांद्या रिकाम्या झाल्या, शेंड्याला तेवढी फळं उरलीत. काजूचे बोंडू पिकले की पाखरं तिकडे पळतील, मग हे शिव्या कोणाला देणार?

काल दोरीकडे बघत म्हणाले, "ती... आपली... खंय आसा?" कुठे आहेस विचारत होते, पण तुझं नाव काही ओठांवर येईना. मला येत होतं, पण मी सांगितलं नाही. म्हटलं, समोर दिसलीस की त्यांचं त्यांनाच येईल. पांढरं काही घालून येऊ नकोस मात्र. पण पाखरं आहेत तोवर ये गो, लवकर ये.