एका माशाला एक पुडी

पुढे जे सांगणार आहे ते मला नीट आठवतंय की नाही, याची मला स्वतःलाच शंका आहे. परवा नातवाला सांगितलं की साहेबाची मोटार हिरवी होती. दुपारी जेवताना वाटलं, काळी होती. आता डोळे मिटले की दोन्ही दिसतात! संदर्भ तपासल्याशिवाय आयुष्यात एक वाक्य न लिहिलेला मी माणूस. पण या गोष्टींना तळटीप आणू कुठून?

आमच्या निपाणीच्या वखारीत किस्से तंबाखूसारखेच साठायचे. एक थप्पी लागली की तिच्यावर दुसरी. खालची दबून दबून अशी कडक व्हायची, की नुसत्या वासानं शिंक यावी. त्यातली एकच थप्पी आज उपसतो. आम्ही समुद्रावर होडी ठरवली, त्या वेळची.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. मी नुकताच बी.ए. होऊन बेळगावहून निपाणीला आप्पांच्या वखारीत इंग्रजी पत्रं लिहायला लागलो होतो. आप्पा जैन व्यापारी. पाणी फडक्यातून गाळून पिणार, सूर्य मावळायच्या आत जेवणार, वाटेत मुंगी दिसली तर थांबून तिला आधी जाऊ देणार. दुसरा दत्तू मुकादम. हा कंग्राळीचा, चाळिशीतला. पानं निवडणाऱ्या बायकांवर देखरेख करायची हे त्याचं काम, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत देणं हा त्याचा धंदा. मला दोघंही ‘बीए’ म्हणायचे. जणू बारशालाच तसं नाव ठेवलं होतं!

* * *

हंगामात मुंबईच्या एका कंपनीचा साहेब माल बघायला यायचा. त्यानं माल उचलला तर वखारीतल्या साठ बायकांना वर्षभर काम. नाही उचलला तर... आप्पा हे वाक्य कधी पुरं करत नसत.

चहा घेता घेता साहेब म्हणाला, "घाटाखालच्या तुमच्या किनाऱ्यावर बोनिटो चांगले मिळतात म्हणे. एखादी होडी आणि जागा माहीत असलेला माणूस ठरवून द्याल का? एक दिवस पुरे."

"काय म्हणायलाय रं, बीए?" आप्पांनी विचारलं.

बोनिटो म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. पण इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. झालेल्यानं ‘ठाऊक नाही’ म्हणायचं कसं? मी म्हणालो, "समुद्रात काहीतरी असतं, आप्पा. ते त्याला बघायचंय. होडी ठरवून द्या म्हणतोय."

"एवढंच व्हय? ठरवली म्हणून सांग! आप्पाचा शब्द!" आणि आप्पांनी साहेबाचा हात हातात घेऊन गदागदा हलवला.

साहेब गेल्यावर मी शब्दकोश काढला. वाचला. मिटला. अर्थ बदलला असेल म्हणून पुन्हा उघडला.

"आप्पा, बोनिटो म्हणजे मासा. त्याला मासे धरायला जायचंय."

आप्पा खाली बसले. दारातून दत्तू म्हणाला, "आप्पा, आता तुमी कोळी झालासा की!"

कुणी हसलं नाही. आप्पा म्हणाले, "जन्मात माझ्यापायी कुठला जीव गेला न्हाय. आता बी जायचा न्हाय. आणि पावण्याला दिलेला शब्द बी मोडायचा न्हाय. दोन्ही व्हायला पायजे. शिकलायस न्हवं? मग बस इचार करत!"

चूक माझी होती, म्हणून मी बसलो. तीन दिवस बसलो.

* * *

आधी या माशाला आपल्याकडे काय म्हणतात, हे तरी कळायला हवं होतं. एका जाड इंग्रजी पुस्तकात चित्र सापडलं. त्यावरून मी स्वतः शिसपेन्सिलीनं एक काढलं आणि दत्तूला घेऊन बेळगावच्या मासळीबाजारात गेलो.

पहिल्या बाईनं कागद उभा धरला, मग आडवा धरला. "ह्ये वांगं हाय," ती म्हणाली.

"शेपटी बघा की," मी म्हणालो.

"शेपटीचं वांगं हाय!"

दत्तूनं कागद माझ्या हातातून काढून घेतला. त्यानं दोन्ही हातांनी माप दाखवलं, गाल फुगवले, कोपरं अंगाला चिकटवली आणि बाजाराच्या मधोमध कंबर अशी काही थरथरवली, की तीन बायका एका सुरात ओरडल्या, "गेदर! गेदर!"

परत येताना दत्तू म्हणाला, "ह्यासाठी बी.ए. कशापायी व्हायला लागतंय?"

* * *

वेंगुर्ल्याच्या सखाराम तांडेलाचं नाव त्याच बायकांनी दिलं. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. मी त्याला दोन पानी पत्र लिहिलं. ‘सागरभ्रमणार्थ नौका’, ‘अनुभवी मार्गदर्शक’, ‘मत्स्यप्राप्तीची कितपत शाश्वती’... काय काय लिहिलं होतं! आज आठवलं तरी कान गरम होतात.

तांडेलाला लिहिता येत नव्हतं. त्याच्या वतीनं तिथल्या शाळामास्तरांचं कार्ड आलं. चार ओळी होत्या: ‘होडी माझी आहे. वाट मी दाखवीन. दर्या माझा नाही. मासे तर त्यांचे स्वतःचेच आहेत.’

आप्पांनी ते कार्ड दोनदा वाचून घेतलं. म्हणाले, "ह्यो माणूस आपल्यातला दिसतोय!"

* * *

मग वार ठरवायला बसलो. आप्पांना अष्टमी नको, चतुर्दशी नको. दत्तू म्हणाला, "सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनवार मारुतीचा. ह्या तीन दिवशी मी मासा खात न्हाय."

मी म्हणालो, "अरे, आपल्याला खायचा कुठं आहे? उलट एकही मासा मरू नये म्हणून तर धडपड चाललीय!"

"तसं न्हवं, बीए. खायाला लागतच न्हाय. ताजा मासा नुसता बघितला तरी माझा उपास मोडतोय!"

शेवटी पंचांगात खाडाखोड करून एक बुधवार निघाला. तसं वेंगुर्ल्याला कळवलं. उत्तर आलं: ‘बुधवार चालेल. वाऱ्याला विचारून ठेवतो.’

* * *

तोड काढली ती आप्पांनीच. बाजारात खाटकाकडून बकरं सोडवून आणावं, तसे मासे सोडवायचे! साहेबानं मासा धरला, की तांडेलानं तो लगेच पाण्यात सोडायचा. जिवंत सोडलेल्या प्रत्येक माशामागं त्याला आपल्या वखारीतली खायच्या तंबाखूची एक पुडी.

मी सगळं सविस्तर लिहून पाठवलं. मास्तरांचं कार्ड उलट टपालानं आलं: ‘तांडेलाने पत्र तीन वेळा वाचून घेतले. मासे पकडायचे, सोडायचे आणि सोडल्याबद्दल तंबाखू, हे मी बरोबर वाचले का, असा त्याचा प्रश्न आहे. बरोबर असल्यास त्याचा दुसरा प्रश्न: तंबाखू निपाणीचीच ना?’

* * *

हे साहेबाला सांगायचं काम माझ्याकडे आलं. साहेब निपाणीला परत आल्यावर मी दोन दिवस टाळलं. शेवटी वेंगुर्ल्याला निघाल्यावर, संकेश्वरच्या पुढे, साहेबाच्या चालत्या मोटारीत, आप्पांनी मला कोपरानं ढोसलं. "सांग त्याला, आमच्याकडं पावण्यानं पयला मासा सोडायची रीत हाय."

मी सांगितलं. साहेब खूश झाला. "फारच छान रीत! आणि दुसरा?"

मी आप्पांकडे बघितलं. आप्पा खिडकीबाहेर ऊस बघत होते. तसंच बघत म्हणाले, "पयल्याला सोबत नको व्हय?"

मी ते इंग्रजीत सांगितलं, तसा साहेब इतका हसला की मोटार थांबवावी लागली. डोळे पुसून म्हणाला, "कबूल. सगळ्यांना सोबत देऊ. पण एकेकाला आधी हातात धरून नीट बघणार, तेवढं चालेल ना?"

"बघू दे की," आप्पा म्हणाले. "बघितल्यानं कोण मरतंय?"

* * *

आंबोलीचा घाट उतरून, सावंतवाडी मागं टाकून वेंगुर्ल्याला पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. आप्पांनी घरून पाण्याचा पितळी तांब्या, गाळायचं फडकं आणि धपाट्यांचा डबा आणला होता. ते होडीत बसणार नव्हते, पण किनाऱ्यापर्यंत आल्याशिवाय त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती. साठी उलटलेल्या या माणसानं समुद्र कधीच बघितला नव्हता. वाळूत उतरले आणि फडकं हातात धरून तसेच उभे राहिले.

मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार. मी मनात शब्द टिपायच्या तयारीत.

आप्पा म्हणाले, "अय्यय्यो! एवढं पाणी! गाळायचं कसं रं हे?"

* * *

आता त्या बुधवारचं सांगतो. मोटारीच्या रंगाबद्दल माझी खात्री नाही. याबद्दल आहे.

पहाटे होडी निघाली. सखाराम तांडेल, त्याचे दोन गडी, साहेब, दत्तू आणि मी. माझ्या मांडीवर तंबाखूच्या वीस पुड्यांची पिशवी. आप्पांनी वाळूवरून ओरडून सांगितलं, "बीए, तू स्वतः मोज! एक बी जीव जायला नको. संध्याकाळी मला तुझ्या तोंडानं ऐकायचंय!"

तासाभरात तांडेल उभा राहिला. "थंय बगा, पाखरां!" दूरवर पाण्यावर पांढरे पक्षी सूर मारत होते. होडी त्यांच्याकडे वळली आणि आजूबाजूचं पाणी खदखदायला लागलं. साहेबाची दोरी ताणली. पाच मिनिटांच्या ओढाताणीनंतर पहिला गेदर आत आला. गोळीसारखं अंग, निळी पाठ, आणि शेपटी फळीवर अशी वाजवत होता की कुठलीतरी मिरवणूक आली असं वाटावं! साहेबानं तो दोन्ही हातांनी वर धरला, बघितला. तांडेलानं घेतला, गळ सोडवला, डोकं खाली करून पाण्यात सोडला. सर्रकन गेला! तांडेलानं माझ्यापुढं हात पसरला. मी पुडी दिली.

मग काय झालं, कसं सांगू? त्या तिघांनी असं काम मांडलं की बस! एक गडी वल्ह्यावर, एक नुसता पाखरांवर नजर ठेवून, आणि तांडेल साहेबाच्या कानाशी ओरडतोय, "ओढ रे सायबा, ओढ! ढिलो सोडू नको!" साहेबाला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण तो मराठीतच ओढत होता! मासा सोडावा म्हणून दिलेल्या तंबाखूपायी त्या दिवशी जेवढे मासे धरले गेले, तेवढे मारायच्या बोलीवर धरले गेले नसते. हे मला होडीत कळलं. पण तोवर फार उशीर झाला होता.

दत्तूची दशा बघवत नव्हती. प्रत्येक मासा पाण्यात गेला की तो डोळे मिटून घ्यायचा. "ह्यो कालवणाचा होता... ह्यो तर तळायचा होता, बीए..."

माझं सांगायचं तर दुपारपासून माझं अर्धं अंग होडीबाहेर होतं. पोटात काही उरलं नव्हतं, तरी उलट्या थांबेनात. प्रत्येक मासा आत पडला की त्याचा आवाज ऐकून मी कागदावर रेघ ओढत होतो. तांडेलाचा हात पुढे आला की न बघता पुडी देत होतो.

किनारा जवळ आल्यावर रेघा मोजल्या. अठरा. पिशवीत दोन पुड्या उरायला हव्या होत्या. तीन होत्या.

पुन्हा मोजल्या. तीनच! म्हणजे आत आले अठरा आणि सोडले सतरा. एक मासा कुठे गेला? मी फळ्यांखाली बघितलं, जाळ्याखाली बघितलं. मग दत्तूच्या धोपटीकडे बघितलं. ती मला फुगलेली वाटली. दत्तूनं माझी नजर ओळखली. त्यानं धोपटी उपडी केली. भाकरी, चटणी, धोतर.

"महादेवाची शपथ!" दत्तू म्हणाला. त्यानंतर तो निपाणी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

वाळूवर आप्पा उभे होते. सूर्य मावळायला थोडाच वेळ होता, पण ते जेवले नव्हते. साहेब उडी मारून उतरला, त्यानं आप्पांना चक्क मिठी मारली आणि म्हणाला, "आयुष्यातला सर्वात छान दिवस! सगळा माल मी उचलतो. सगळा!"

मी भाषांतर केलं. आप्पांनी ते ऐकलंसुद्धा नाही. ते माझ्याकडे बघत होते. "सगळे गेले जित्ते?"

माझा हात कोटाच्या खिशात होता. खिशात ती तिसरी पुडी होती.

"होय, आप्पा. सगळे."

"मग मी जेवतो," आप्पा म्हणाले, आणि डबा उघडला.

साठ बायकांचं वर्ष निघालं. आप्पा पुढे बारा-तेरा वर्षं जगले. वखार सोडल्यावरही दर दिवाळीला मी भेटायला गेलो की इतरांना कौतुकानं सांगायचे, "ह्यो बीए. ह्यानं स्वतः मोजलेत. एक बी जीव गेला न्हाय." मी मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

आप्पा गेले. दत्तू गेला. मी प्राध्यापक झालो, पुष्कळ काही तपासलं, दुसऱ्यांच्या प्रबंधातल्या चुका काढल्या. निवृत्तीच्या वर्षी कुठल्याशा परीक्षेच्या निमित्तानं सावंतवाडीला गेलो होतो. काम आटोपल्यावर एसटी धरली आणि वेंगुर्ल्याला उतरलो. सखाराम तांडेल होता! अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता. दिसत कमी होतं, पण निपाणीची तंबाखू म्हटल्याबरोबर त्यानं मला ओळखलं.

मी म्हणालो, "तांडेल, खरं सांगा. अठरा मासे आत आले होते. तुम्ही पुड्या सतराच घेतल्या. एक कुठे गेला?"

त्यानं फारसा विचारही केला नाही. "तो होय? सायबाच्या हातातसून निसटलो, माज्या पायार आपाटलो आणि आपणच उडी मारून दर्यात गेलो. तुमी तवां तोंड भायर काढून ओकत होतास."

"जिवंत गेला?"

"जिवंत म्हंजे? दोन हात उडलो तो!"

"मग त्याची पुडी का नाही घेतलीत?"

तांडेलानं हातातलं जाळं खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की शिकलेल्या माणसाला एवढंही कळू नये!

"पुडी घेवची कशी?" तो म्हणाला. "तेका मी खंय सोडलंय?"