आधी शुभदाताई, मग मी

श्रवणतज्ज्ञ शुभदाताई खासनीस यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा खरे लिहिले तर चालेल का, हे मी आधीच विचारून घेतले. त्यांनी अवश्य म्हटले. आता पुढची जबाबदारी त्यांची. या ग्रंथात इतर सर्व जण शुभदाताईंविषयी आदर व्यक्त करतील. तो मलाही आहेच. पण त्या आदराच्या कितीतरी आधी मला त्यांचा हेवा वाटू लागला, आणि तो आजही पुरता गेलेला नाही.

आमचा पहिला परिचय त्यांच्या सदाशिव पेठेतल्या केंद्रात झाला. माझे यजमान, पेंडसे, बँकेत होते. लहानपणी गालगुंड होऊन त्यांचा डावा कान गेलेला. पुढे उजव्या कानाच्या, ज्यामुळे ऐकू येते त्याच मज्जातंतूवर गाठ निघाली. ती कापून न काढता किरणोपचार केले गेले. गाठ वाढायची थांबली, पण ऐकू येणे हळूहळू कमी होत शेवटी बंदच झाले. त्या सुमारास बँकांमध्ये कॉम्प्युटर येत होते. यांना काउंटरवरून उठवून आतल्या खोलीत एका कॉम्प्युटरपुढे बसवण्यात आले, कारण त्याचे काही ऐकावे लागत नाही.

मी शाळेत मराठी शिकवत असे. वक्तृत्व स्पर्धेसाठी मुले तयार करणे हे माझे खास काम. शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज म्हणून माझी ख्याती होती आणि घरात तोच आवाज पोहोचेना. मग मीच यांचा कान झाले. डॉक्टर, भाजीवाले, नातेवाईक, सगळ्यांचे बोलणे मी ओठ ठळक हलवून यांना पुन्हा सांगे आणि हे माझ्या तोंडाकडे बघून समजून घेत. बाई नसत्या तर पेंडशांचे कसे झाले असते, असे लोक लग्नकार्यात म्हणत. खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडे.

त्या पहिल्या दिवशीही मी सवयीप्रमाणे यांची सर्व हकीकत सांगायला सुरुवात केली. शुभदाताईंनी माझे दोन वाक्यांपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पेंडसेबाई, आपण जरा मागे बसा. त्यांचं त्यांना सांगू दे." साऱ्या हयातीत वर्गांना गप्प बसवत आलेली मी भिंतीपाशी जाऊन गप्प बसले.

त्यांच्या कामातला सचोटीचा भाग मात्र त्याच दिवशी दिसला. कानात बसवायच्या यंत्राविषयी आम्ही ऐकून होतो. यंत्र कानाच्या आतल्या भागाला विजेचा इशारा देते, पण तो मेंदूपर्यंत न्यायला मज्जातंतू लागतो, आणि तुमचा तर गाठीने आणि किरणांनी दोन्हीकडून पोळलेला आहे, असे त्यांनी यांना कागदावर स्पष्ट लिहून दाखवले. कदाचित सगळे बोलणे कळेल, कदाचित नुसती दाराची घंटा कळेल, कदाचित काहीच नाही. आधी तंतू जागा आहे का, ते बघू. मग शल्यविशारदांनी सुईसारख्या तारेने कानात अगदी बारीक विद्युतप्रवाह सोडून पाहिला. यांनी बोट वर केले. कितीतरी वर्षांनी यांना काहीतरी ऐकू आले होते. मी रडले. शुभदाताई म्हणाल्या, आता खरे काम सुरू होईल.

शस्त्रक्रिया झाली, जखम भरली आणि यंत्र सुरू करण्याचा दिवस आला. पत्र्याच्या डब्यात चमचे वाजताहेत असे वाटते, असे हे म्हणाले. मग आठवड्यातून दोनदा सराव सुरू झाला. भरतकामाची गोल रिंग असते ना, तिला काळे पातळ कापड लावलेले, ती शुभदाताई तोंडापुढे धरत. आवाज येई, पण ओठ दिसत नसत. गवार, भेंडी, पडवळ. सोमवार, मंगळवार. मग छोटी वाक्ये. मी भिंतीपाशी बसून ती रिंग बघत असे आणि तिचा मला मनस्वी राग येई.

काही महिन्यांत हे त्या रिंगेआडून आलेली सबंध वाक्ये समजू लागले. एकदा शुभदाताईंनी कसलासा विनोद केला आणि हे खो खो हसले. माझ्या विनोदांना हे ऐकू येत असतानाही कधी हसलेले नाहीत. आणि घरी? घरी मी तोंड फिरवले की सगळे बंद. पुन्हा माझे ओठ, पुन्हा माझे हातवारे. सगळ्या जगात एकाच बाईचा आवाज यांना कळत होता, आणि ती बाई मी नव्हते.

मी मग त्यांच्यात उणे शोधू लागले. येरवड्याहून येणाऱ्या, मूळच्या अमरावतीकडच्या एका कामगाराची रोजी बुडू नये म्हणून शुभदाताई रविवारी केंद्र उघडत. त्यांच्या कनवाळूपणाचा हा दाखला इतरही कोणी देतील. मला मात्र तेव्हा, आपल्याला रविवार का दिला नाही, एवढेच खुपले. आणखी एक गोष्ट मी टिपून ठेवली होती. त्या सगळ्यांना "अहो आजी", "अहो साहेब" करत. यांना मात्र कधी अहो नाही, थेट "पेंडसेकाका". एवढी जवळीक कशाला, असे मला वाटे. आमचा निखिल तेव्हा हडपसरच्या आयटी पार्कात नोकरीला लागला होता. तो म्हणाला, "आई, त्या प्रोफेशनल आहेत. तू पर्सनली का घेतेस?" मी त्याला सांगितले की लग्न ही पर्सनलच बाब असते.

शेवटी एकदा, यंत्र तपासून घ्यायला हे आत गेलेले असताना, मी शुभदाताईंना सरळ म्हटले, "यांना तुमचं कळतं, माझं कळत नाही. माझ्या आवाजात काय खोट आहे?"

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "खोट कसली? तुम्ही समोर असलात की ते बघतात. कानाला कामच उरत नाही. इतकी वर्षं तुम्ही त्यांना सांभाळलंत, आता जरा नजरेआड व्हा."

मला ते झोंबले. जे केले म्हणून लोक मला नावाजत, तेच आड येत होते. त्यांनी सांगितले की ओरडू नका, शब्द ताणू नका, जेवताना समोर न बसता शेजारी बसा, स्वयंपाकघरातून हाक मारा. उत्तर आले नाही तरी बाहेर यायचे नाही.

मी स्वयंपाकघरातून हाका मारू लागले. बाहेरून उत्तर नाही. चहा झाला, पोळ्या वाढल्या, पाहुणे आले, सगळे मी भिंतीला सांगत होते. बाहेर जाऊन यांच्यापुढे उभे राहावे असे रोज वाटे. फक्त शुभदाताईंना हार जायची नाही म्हणून मी आत थांबले. हेव्याचा मला झालेला हा एकमेव फायदा.

एका संध्याकाळी लोणच्याच्या बरणीचे झाकण निघेना. सराव वगैरे डोक्यात नव्हते. माझे बोट चेमटले आणि मी वैतागून नेहमीच्या आवाजात म्हटले, "अहो!"

बाहेरून तितक्याच वैतागाने आले, "काय आहे गं? पेपर वाचतोय ना!"

तोच जुना, कुरकुरा स्वर. लग्नानंतर ज्यावरून मी कित्येकदा भांडले होते, तो. मी बरणी घेऊन ओट्याला टेकून उभी राहिले. मग हेच उठून आत आले.

मी शुभदाताईंना फोन करून सगळे सांगितले. मला वाटले, शाबासकी देतील. त्या म्हणाल्या, "'अहो' हा शब्द मी त्यांना मुद्दाम शिकवला नव्हता. त्यांच्यापुढे एकदाही उच्चारला नाही मी. म्हटलं, तो पेंडसेबाईंचा आहे."

वर्षभर मी त्यांच्यावर जळत होते, आणि त्या वर्षभर माझ्यासाठी एक शब्द राखून होत्या. कृतज्ञता नंतर वाटली. आधी वाटले, इथेही याच पुढे गेल्या.

शुभदाताई, आपण आणखी पुष्कळ जगा, ठणठणीत राहा, आणि बंद पडलेली आणखी कितीतरी घरे बोलती करा. आपला फोन आला की हे अजूनही लगबगीने उठतात, आपला आवाज सगळ्यात स्पष्ट येतो म्हणतात. मी ऐकून घेते. मग स्वयंपाकघरात जाते आणि काही काम नसताना एकदा "अहो" म्हणते. आपल्याला "थांबा हं, ही बोलावतेय" असे सांगून हे फोन खाली ठेवतात.